पत्ता नसलेली पेटी

वडूजच्या पलीकडचा माळ पाण्याला पारखा आहे. तिथं बाजरी उगवते ती आभाळाच्या मर्जीनं, आणि पोरं उगवतात ती भरतीच्या मैदानाकडं तोंड करून. लालासाहेब त्या माळावरचे. मिसरूड फुटायच्या आत धावायला शिकले आणि धावत धावतच फौजेत गेले. तिथं त्यांना सिग्नलचं काम मिळालं. खांद्यावर तारेचं रीळ घ्यायचं, डोंगर चढायचा, आणि या टोकाचा आवाज त्या टोकाला नेऊन सोडायचा. निरोप जसा आला तसा द्यायचा, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. आकडा आला तर तो सुटा सुटा सांगायचा. दोन. पाच. शून्य. फौजेत 'अडीचशे' असं कुणी म्हणत नाही, कारण गोळ्यांच्या आवाजात अर्धा शब्द विरून जातो आणि उरलेल्या अर्ध्यानं माणसं मरतात.

हवालदार होऊन ते घरी आले. गावात बसवेना, म्हणून सांगलीला आले. काही दिवस एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, आणि मग एका कर्करोगाच्या दवाखान्यात कंप्युटरच्या खोलीत लागले. खोली सांभाळणारे आकारामतात्या तेव्हा निवृत्तीला आले होते. रहिमतपूरचा माणूस, तोंडानं फाटका, हातानं नीट. लालासाहेबांना जे काही येत होतं ते तात्यांच्या शिव्या खाऊन आलेलं होतं. तात्या गावी गेले आणि ती थंड, घुमणारी खोली लालासाहेबांची झाली.

त्या दवाखान्यात लोक शेक घ्यायला येत. डॉक्टर त्याला मोठं नाव देतात, पण पाटणच्या खोऱ्यातून किंवा जतच्या माळावरून आलेला माणूस शेकच म्हणतो. एक अवाढव्य यंत्र आहे, ते गाठीवर किरण सोडतं. कुठं सोडायचे, किती सोडायचे, कोणत्या कोनातून सोडायचे, याचा प्रत्येक माणसाचा वेगळा नकाशा असतो. रामाचा नकाशा गोविंदाला चालत नाही. हे सगळे नकाशे लालासाहेबांच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटात राहतात, त्याला ते कोठार म्हणत. कोठारातून नकाशा यंत्राकडं जातो तो मधल्या एका चपट्या पेटीतून. तिचं नाव स्विच. कराडच्या नाक्यावर जशा चारी दिशांच्या गाड्या येतात आणि आपापल्या वाटेला लागतात, तशा दवाखान्यातल्या सगळ्या तारा त्या पेटीत येतात आणि तिथून कोठाराकडं वळतात. नाका बंद झाला की कोठारात नकाशे असून नसल्यासारखे.

वैशाखातल्या एका गुरुवारी रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि आली ती उसळी घेऊनच. बाकी सगळं वाचलं, पेटी जळाली. त्या दिवशी कुणालाच शेक मिळाला नाही. शुक्रवारी सकाळी पुण्याहून नवी पेटी आली. कंपनीचा माणूस मात्र सोमवारी येणार होता, आणि शनिवार-रविवार शेक बंद असे.

लालासाहेब पेटी काखेत घेऊन ओसरीतून चालले तेव्हा बाकांवर माणसं नेहमीसारखी बसली होती. गळ्याला, छातीला, जबड्याला शाईच्या रेघा मारलेली माणसं. त्यांत लीलाबाई होत्या. मल्हारपेठेजवळच्या खेड्यातल्या, घशाच्या गाठीच्या. शेजारी त्यांचे मालक, त्यांना सगळे आबाच म्हणत.

"आवं फौजी, काय जळलं म्हणं तुमचं?" लीलाबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. त्यांचा आवाज आता निम्माच उरला होता.

"स्विच जळलाय, आक्का."

"मग त्यात काय एवढं!" आबा म्हणाले. "आमच्या मल्हारपेठंत पन्नास रुपयाला मिळतुय. आनू का दोन? एक जळला तर दुसरा आसूं द्यावा."

बाकावरची माणसं हसली. हसताना ज्यांचं दुखतं ती दुखऱ्या जागी हात धरून हसली. लीलाबाई हसल्या नाहीत.

"फौजी, सांगून ठिवते," त्या म्हणाल्या. "काल झालं न्हाई. आज बी न्हाई झालं तर मी सांजच्या कराड गाडीनं घरला जानार, आन परत यायची न्हाई. ह्यास्नी बी सांगितलंय. पिशवी भरलीया."

आबांच्या पायाशी पिशवी होती. ते तिच्याकडं बघत नव्हते.

लीलाबाईंना शेकाची भीती नव्हती, जाळीची होती. मानेच्या वरचा शेक असला की तोंडावर गरम प्लास्टिकची जाळी दाबून बसवतात, ती थंड झाली की चेहऱ्याचाच साचा होतो. मग रोज तोच साचा तोंडावर ठेवून टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं हलत नाही. यंत्राच्या खोलीत फळीवर असे साचे ओळीनं टांगलेले असतात, डोळे नसलेले चेहरे, खाली ज्याचं त्याचं नाव. "माझं तोंड रातभर त्या भिताडावर टांगलेलं असतंय," लीलाबाई म्हणत, "आन मी हितं झोपते बिनतोंडाची." मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली होती. पाणी गिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येई.

शेकाचं गणित बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम लालासाहेबांच्या मागोमाग खोलीत आल्या. दार लावून घेतलं.

"लालासाहेब, त्यांची गाठ उतरायला लागलीय. आत्ताच. खंड पडला की ती परत धरते. आणि आता सोडून गेल्या तर…" मॅडमनी पेटीकडं बोट केलं. "आज संध्याकाळच्या आत कसंही करून. मी यंत्र तापवून ठेवते."

लालासाहेबांनी पेटी मांडणीत बसवली.

नवी पेटी म्हणजे नुकतं जन्मलेलं मूल. तिला नाव नसतं, गाव नसतं. कारखान्यातून येताना सगळ्यांच्या कपाळावर एकच पत्ता मारलेला असतो, आणि सगळ्यांचा पत्ता एक म्हणजे कुणाचाच नाही. अशा पेटीशी तारांच्या जाळ्यातून बोलता येत नाही. तिच्या कुशीत एक छोटी खाच असते, तिथं एक तार लावून दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं आणि तिच्या कानाशी लागून बोलायचं.

लालासाहेबांनी तार लावली. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी अक्षरं पळाली, कशाचा कशाला मेळ नाही. ही खूण त्यांच्या ओळखीची होती. दोन माणसं वेगवेगळ्या वेगानं बोलायला लागली की असंच होतं. त्यांनी लॅपटॉपचा वेग उतरवत उतरवत पेटीच्या वेगाला आणला. मुंग्या थांबल्या. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. पेटीनं पहिल्यांदा विचारलं, तू कोण? मग जुना परवलीचा शब्द टाकून नवा मागितला. आणि मग तिनं विचारलं, माझा पत्ता काय?

हा पत्ता म्हणजे मध्ये टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे, एकेक तीन अंकांपर्यंतचा. पहिले तीन दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांना सारखे, जिल्हा, तालुका, गाव असल्यासारखे. चौथा तेवढा ज्याच्या त्याच्या घराचा. जुन्या पेटीचा जो चौथा आकडा होता तोच नवीला द्यायला हवा होता. कोणत्या तारेनं कोठाराच्या कोणत्या कप्प्यात जायचं ही सगळी वाटणी कोठाराजवळच्या एका कंप्युटरात कुलूपबंद होती, किल्ली कंपनीकडं. तो कंप्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहणार, त्या पत्त्यावर नव्या पेटीनं ओ दिली तरच वाटणी तिच्या हवाली करणार.

आणि तो आकडा फक्त आकारामतात्यांच्या डोक्यात होता.

लालासाहेबांनी फोन लावला.

"बोल रं लाला. बिगीनं बोल. पटका बांधतुय."

"तात्या, कोठाराचा स्विच जळला. नवा बसीवतुय. त्येचा पत्ता काय हुता?"

"जाळलास? मी धा वर्षं सांभाळला, तू दोन वर्षांत जाळलास व्हय रं?"

"ट्रान्सफॉर्मर फुटला, तात्या. पत्ता सांगा, शेवटचा आकडा."

"शेवटचा… थांब. व्हय. अडीचशे. ध्यानात ठीव गड्या, अडीचशे. ठिवतो आता, वऱ्हाड निघालंय."

लालासाहेबांनी टाकला. दोन, पाच, शून्य. पेटीनं तो घेतला. तिला बंद करून चालू केली. दिवे एकेक करून लागले, हिरवे होईपर्यंत चहा थंड झाला. मग ते कोठाराजवळच्या त्या कंप्युटरसमोर जाऊन बसले; वाटणीला कुलूप असलं तरी पडदा बघता येत होता. तिथं पत्ता दिसत नव्हता, जुन्या पेटीच्या नावापुढं एवढंच होतं, सापडत नाही. त्यांनी पुन्हा शोधायला लावलं. सापडत नाही. तारा काढून पुसून लावल्या. सापडत नाही.

तात्यांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. लग्नात बँड वाजत असणार, फोन कोपरीच्या आतल्या खिशात.

लालासाहेबांना वाटलं, तात्यांचं वय झालं, आकडा चुकला असेल. म्हणून त्यांनी मनानंच एक आकडा टाकून बघितला. तो कुणाचा तरी निघाला. एका घरावर दोन माणसांनी हक्क सांगावा तसं झालं, आणि खाली नाव नोंदायच्या खिडकीतले कंप्युटर एकदम थिजले. आरडाओरडा वर पोचला. मॅडम धावत आल्या.

"अंदाजानं नको लालासाहेब! उद्या स्कॅनचं यंत्र बंद पाडाल!"

त्यांनी आकडा काढून घेतला.  बर्फात उघडी तार जोडलेले हात त्यांनी कीबोर्डवरून उचलले. पेटी हिरव्या दिव्यांनी लुकलुकत बसली होती, जित्ती होती, तापली होती, कामाला तयार होती, आणि तिला कुठं राहायचं ते कुणी सांगत नव्हतं.

दुपार झाली. दुपार कलली. लालासाहेब फोन लावत होते, कानाला लावून फेऱ्या मारत होते, ठेवत होते, परत लावत होते. पुण्याच्या कंपनीत एक मुलगी गोड आवाजात सोमवार म्हणत होती. मध्ये एकदा ते ओसरीत गेले. बाकं निम्मी मोकळी झाली होती. लीलाबाईंनी पदर गळ्याभोवती घेतला होता. पिशवी आता त्यांच्या मांडीवर होती.  लालासाहेब परत फिरले.

शेवटी फोन उचलला गेला. पलीकडं लाऊडस्पीकर, पोरांचा कालवा, ताटं.

"कोन? लाला? आरं किती फोन! मांडवात आहेर पुकारतुय मी. हितं माझ्याबिगर आहेर कोन पुकारनार?" आणि फोन तोंडापासून दूर गेला, माईक जवळ आला. "कोरेगावच्या पाव्हण्यांकडून नवरदेवास टावेल-टोपी आन पाचशेऽऽ! लाला, बोल."

"तात्या, अडीचशेवर मिळंना. दुसरा कुठला आसंल का? आठवा जरा. तुमच्या पाया पडतो."

"दुसरा कसा आसंल? अडीचशेच. मीच दिलाय."

"मग न्हाई मिळत!" लालासाहेबांचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा तात्यांवर. "सकाळधरनं टाकून बसलोय. दोन, पाच, शून्य!"

पलीकडं तात्यांनी माईक खाली ठेवला.

"काय टाकलंस?"

"दोन. पाच. शून्य."

"शून्य?" तात्या ओरडले. "आरं शून्यावर कोन कुनाला काय देतंय का? खुळ्या! आत्ता मी पाचशे पुकारलं, पाकिटात किती हाईत? पाचशे एक! अडीचशे म्हंजे अडीचशे एक. शेवटाला शून्य म्हंजे दार लावून घेतल्यागत. माझ्या हातनं एका तरी यंत्राला शून्याचा पत्ता दिल्याला बघितलायस का तू?"

लालासाहेबांच्या डोळ्यांपुढून सगळे पत्ते गेले. रोज बघत होते. छपाईचं यंत्र एकावन्नवर. स्कॅनचं एकशे एकावर. खिडकीतले अकरा, एकवीस, एकतीस. सगळा दवाखाना तात्यांनी आहेराच्या पाकिटासारखा भरला होता, प्रत्येकाच्या डोक्यावर शकुनाचा एक ठेवून. आणि ते स्वतः फौजेतून येताना तो एक तिकडंच विसरून आले होते.

"फौजी शाना!" तात्या म्हणत होते. "कधी आहेर केलास का न्हाई रं कुनाला…"

पण लालासाहेबांचा फोन तोवर खिशात गेला होता. दोन, पाच, एक. पेटी बंद, चालू. दिवे लागायला त्यांना जन्म गेल्यासारखं वाटलं. पलीकडच्या पडद्यावर 'सापडत नाही' ही अक्षरं थोडा वेळ तशीच राहिली आणि मग पुसली गेली. सापडली. वाटणी उतरायला लागली, एकेक तार, एकेक कप्पा. कोठाराची दारं उघडली.

मॅडमनी यंत्राजवळून आवाज दिला, "आले! नकाशे आले! लीलाबाईंना आत घ्या!"

बाक मोकळं होतं. पिशवीही नव्हती.

लालासाहेबांनी मोटरसायकल काढली. एसटी स्टँडवर कराडची गाडी फलाटाला लागून घरघरत होती. ते मधल्या दारानं आत चढले. लीलाबाई खिडकीशी होत्या, आबा मांडीवर पिशवी घेऊन.

"आक्का, चालू झालं. चला. मॅडम वाट बघत्यात."

"आज चालू झालं," लीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "सोमवारी काय जळंल?"

लालासाहेब आबांच्या मांडीवरची पिशवी उचलायला वाकले.

"फौजी, एक इचारते. मॅडमला न्हाई इचारत, त्या शिकल्याल्या, ग्वाड बोलत्यात. ह्या समद्यानं मी बरी हुईन का?"

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "पाव्हणं, तिकीट काढा न्हाईतर उतरा."

लालासाहेबांना खोटं बोलता आलं असतं. गाडीतली माणसं बघत होती, एक शब्द पुरला असता. पण निरोपात पदरचा शब्द घालायची त्यांना सवय नव्हती.

"ठावं न्हाई, आक्का," ते म्हणाले. "एवढंच ठावं हाय की तुमचा नकाशा उघडलाय आन त्यो तुमच्याबिगर दुसऱ्या कुनाच्या कामाचा न्हाई."

लीलाबाईंनी डोळे मिटले. घंटी झाली. गाडी मागं सरकली, वळली, फाटकाकडं निघाली. लालासाहेब दांडीला धरून उभेच होते. उतरावं की नाही तेही त्यांना सुचत नव्हतं.

आणि आबा रडायला लागले. सकाळी पन्नास रुपयाचा स्विच आणणारे आबा पिशवीत तोंड घालून लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. "उतर की गं," ते म्हणाले. "मी त्या घरात एकटा काय करू? मला भाकरी बी येत न्हाई. उतर की."

"गप ऱ्हावा!" लीलाबाई म्हणाल्या. "भर गाडीत रडताय काय? मानसं बघत्यात."

आबांना गप्प बसता येईना. गाडी फाटकाबाहेर पडली. लीलाबाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं, रागानं, जसं सांडलेल्या दुधाकडं बघतात तसं. मग घशातून निघेल तेवढा आवाज काढून म्हणाल्या, "आवं कंडक्टर, थांबवा. आमच्या ह्यांचं न्हाई भागायचं."

त्या उतरल्या त्या दांडीला धरून, कुणाचा हात न घेता.

यंत्राच्या खोलीत मॅडमनी फळीवरची जाळी काढली. लालासाहेब बाहेर आबांशेजारी बाकावर बसले. जाड दाराआडून यंत्राची बारीक गुणगुण येत होती. आबा पिशवीचे बंद सोडत होते, बांधत होते.

लीलाबाई बाहेर आल्या तेव्हा गालावर जाळीचे चौकोन उमटले होते. त्यांनी आबांच्या हातातली पिशवी घेतली.

"सोमवारी, आक्का?" लालासाहेबांनी विचारलं.

"सोमवारचं सोमवारी," त्या म्हणाल्या, आणि आबांना पुढं घालून जिन्याकडं चालू लागल्या. जिन्याशी थांबून त्या एक घोट पाणी प्यायल्या. गिळताना त्यांचा हात भिंतीवर घट्ट दाबला गेलेला लालासाहेबांना दिसला. घोट उतरला. मग त्यांनी बाटली आबांकडं दिली आणि पायरी उतरल्या.